स्टेनलेसला पॉलिश लावू नका! जुन्या रिव्हॉल्व्हरांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या स्टेनलेस स्टीलच्या रिव्हॉल्व्हरांच्या संग्रहावर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रं घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी थोडी ओळख देतो. मी पिंपरीच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केली आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डच्या आसपासच्या मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलं. बंदुका बनवणारी स्मिथ अँड वेसन कंपनी याच गावची आणि १९६८ साली बंद झालेली सरकारी आर्मरी, म्हणजे शस्त्रांचा कारखानाही इथलाच. इथे शेजारीपाजारी कुणी ना कुणी या धंद्यातलं असायचंच. मला ही आवड बंदुकीपेक्षा धातूच्या ओढीनं लागली. माझी उत्तरंही त्याच अंगानं येतील.

प्रश्न : माझे यजमान मागच्या वर्षी गेले. कपाट आवरताना त्यांचं एक छोटं रिव्हॉल्व्हर सापडलं. शेजारच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी ते रिकामं असल्याची खात्री करून दिली. सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) बाजूला काढल्यावर आत 'मॉड ६०' एवढंच कोरलेलं दिसतं. वरून ते मळकट, फिकट राखाडी झालंय. मुलगा म्हणतो, मेटल पॉलिश लावून चकाचक करू, विकताना चांगली किंमत येईल. करू का?
— एक भगिनी, कोलंबस, ओहायो

ताई, पॉलिशची बाटली आधी परत कपाटात ठेवा. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री तुम्ही जाणत्या माणसाकडून करून घेतलीत, हे फार चांगलं केलंत. बाकीच्या वाचकांनीही तसंच करावं. घरात असं काही सापडलं तर स्वतः हाताळून बघू नका, जाणकाराला बोलवा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. १९५० साली स्मिथ अँड वेसननं एक आटोपशीर, पाच गोळ्यांचं, '.३८ स्पेशल' या मापाच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कोलोराडो स्प्रिंग्जला पोलीस प्रमुखांची परिषद होती, तिथे ते मांडलं गेलं आणि त्याला 'चीफ्स स्पेशल' हे नाव मिळालं. पुढे १९५७ मध्ये कंपनीनं आपल्या मालाला मॉडेल नंबर द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते 'मॉडेल ३६' झालं. हे हत्यार साध्या वेशातले पोलीस शर्टाखाली, कमरेला, अगदी अंगाला लागून बाळगत. उन्हाळ्यात घामानं त्याचा निळा-काळा मुलामा खायचा आणि खाली गंज धरायचा. त्यावर उपाय म्हणून १९६५ साली तेच रिव्हॉल्व्हर पूर्ण स्टेनलेसमध्ये आलं. ते मॉडेल ६०. कारखान्यातून नियमित उत्पादन म्हणून बाहेर पडलेलं हे पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर. या संग्रहाची सुरुवातच तिथून होते. तुमच्या यजमानांनी ते जपून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'६०' पुढे आडवी रेघ आणि आणखी आकडा नाही, म्हणजे ते सुरुवातीच्या रचनेचं आहे. रचनेत बदल झाला की कंपनी ६०-१ असे आकडे जोडत गेली. आता फ्रेममध्ये जिथे नळी बसते तिथे वरच्या अंगाला बारीक नजरेनं बघा. टाचणीच्या डोक्याएवढी पिन आरपार गेलेली दिसते का? नळी पिनेनं पक्की करायची ही पद्धत कंपनीनं १९८२च्या सुमारास सोडली. मग लाकडी मुठीकडे बघा. स्क्रूभोवती शंकरपाळ्याच्या आकाराचा मोकळा लाकडाचा चौकोन सोडलेला असेल तर ती मूठ १९६८ किंवा त्याआधीची. उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा रिव्हॉल्व्हरचा सीरियल नंबर असतो. तो जुळला तर मूठ आणि हत्यार पहिल्यापासून एकत्र आहेत असं समजायचं. पण मूठ तुम्ही काढू नका. घरातल्या पेचकसाचं टोक उतरतं असतं, ते खाचेतून निसटतं आणि स्क्रूचं डोकं फाटतं. समांतर टोकाचा बरोबर मापाचा पेचकस असलेल्या माणसाकडूनच ती काढून घ्या.

आता पॉलिशबद्दल. मागे न्यू इंग्लंडमधल्या एका गन शोमध्ये एका टेबलावर असंच एक मॉडेल ६० आरशासारखं लखलखत होतं. विकणारा ते अगदी पहिल्या वर्षाचं म्हणून सांगत होता. त्याच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही, कारण सुरुवातीची मॉडेल ६० खरोखर चकचकीत फिनिशची होती आणि सॅटिन, म्हणजे मंद, न चमकणारं फिनिश नंतर आलं. मी भिंग काढलं आणि दिव्याखाली तिरपं धरून नळीवरची अक्षरं पाहिली. कारखान्यात अक्षरं ठशानं दाबतात, त्यांच्या कडा धारदार असतात. इथे प्रत्येक अक्षराची कड विरघळल्यासारखी गोल झाली होती. साइडप्लेटचा (फ्रेमच्या बाजूच्या झाकणपट्टीचा) सांधा एरवी केसाइतका बारीक असतो, तो इथे नखाला लागत होता, कारण बफिंगच्या चाकानं दोन्ही कडा उतरवल्या होत्या. स्क्रूंच्या भोवती बशीसारखे खळगे पडले होते. कुणीतरी सॅटिनचं हत्यार बफवर धरून 'पहिल्या वर्षाचं' बनवलं होतं. निळा मुलामा उडाला तर तो पुन्हा चढवता येतो, तेही आम्हाला पसंत नसतं, पण निदान येतो. घासून गेलेला धातू कुठून आणणार?

म्हणून मऊ सुती फडकं घ्या, त्यावर गन ऑइलचे दोन थेंब टाका, हलक्या हातानं पुसा आणि थांबा. तुम्ही ज्याला मळकटपणा म्हणता आहात तो बहुधा मूळ सॅटिनचाच रंग आहे. बारीक ओरखडे तसेच राहू द्या. ते त्या माणसाच्या वापराचे आहेत आणि जाणत्या ग्राहकाला त्यांची अडचण होत नाही.

विकायचंच असेल तर घाई करू नका. खोका, कागद, पावती काही सापडलं तर फेकू नका, खोक्यावरचा नंबर जुळतो का तेवढं पाहा. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून ते हत्यार कधी आणि कुठल्या दुकानाकडे पाठवलं गेलं याचं पत्र पैसे भरून मिळतं. ते आधी मागवा. दुसऱ्या राज्यातल्या कुणाला विकत असाल तर परवानाधारक डीलरमार्फतच विका, कायदा तसाच आहे. आणि एकाच डीलरचा भाव ऐकून होकार देऊ नका.

प्रश्न : मुलाकडे सॅन होजेला आलो आहे. त्याच्या मित्राच्या 'स्टेनलेस' रिव्हॉल्व्हरला मी फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, तर ते चिकटलं! आमच्या घरी स्टीलचे डबे घेताना हीच परीक्षा करतात. चिकटलं तर माल हलका. मित्र फसला का?
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

गुरुजी, मित्र फसलेला नाही. तुमची परीक्षा डब्यांपुरती बरोबर आहे, पण इथे ती लागू होत नाही.

आपल्या चांगल्या डब्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याची आतली रचना अशी होते की चुंबक लागत नाही, गंज जवळजवळ धरत नाही, आणि ते दाबून खोलगट करणं सोपं जातं. पण त्यात एक उणीव आहे. ते तापवून पाणी दिलं तरी कडक होत नाही. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला स्फोटाचा दाब झेलायचा असतो आणि घोड्याच्या खाचेला हजारो वेळा घासूनही आपली धार राखायची असते. त्यासाठी वेगळं स्टेनलेस लागतं. त्यात क्रोमियम साधारण १२-१३ टक्के, निकेल नाही किंवा नावापुरतं, आणि पाणी देता येईल इतका कार्बन. ते चुंबकाला चिकटतंच. उलट एखाद्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला चुंबक चिकटलं नाही, तर मी चक्रावून जाईन.

या धातूचा जन्मच मुळी बंदुकीच्या कामातून झाला. १९१२ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली या माणसाकडे एक काम आलं. रायफलच्या नळ्या आतून लवकर झिजतात, त्याला टिकणारं पोलाद शोधायचं होतं. त्यानं क्रोमियमचं प्रमाण बदलत ओतकामं केली. ऑगस्ट १९१३ मधल्या एका ओतकामात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावतात, ते या तुकड्यावर चढेचना. ब्रेअर्ली स्वतः शेफील्डचा, पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा. त्याला लगेच सुऱ्या दिसल्या. पोलाद बंदुकीसाठी शोधलं आणि गेलं जेवणाच्या टेबलावर.

तिथून रिव्हॉल्व्हरपर्यंत यायला त्याला ५२ वर्षं का लागली, याचं उत्तर कुठल्याही फिटरला विचारा. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटात कोरडा पिळला तर मध्येच जाम होतो. मग तो पुढे जात नाही आणि मागेही येत नाही, कापूनच काढावा लागतो. याला गॉलिंग म्हणतात. दोन सारखे पृष्ठभाग दाबाखाली घासले की वरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला धरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर सगळाच कारभार घासण्याचा. चाप घोड्यावर घासतो, सिलिंडर आपल्या कण्यावर फिरतो. शिवाय हा धातू कापताना चिवट. ड्रिल रेंगाळलं की टूल जळतं. त्या काळच्या टूलिंगवर शेकड्यांनी फ्रेम काढणं परवडणारं नव्हतं. पुढे एकमेकांवर घासणाऱ्या भागांना वेगवेगळा कडकपणा देणं, वेगळ्या जातीचं स्टील वापरणं असे मार्ग निघाले. स्मिथ अँड वेसननं तर बऱ्याच स्टेनलेस मॉडेलांत घोडा आणि चाप साध्या पोलादाचे करून त्यावर क्रोमचा पातळ थर दिला. म्हणून फ्रेमपेक्षा घोड्याचा रंग जरा वेगळा दिसला तर तो बदललेला आहे असं लगेच समजू नका.

आणि हो, क्रोमियम कमी आणि निकेल नसल्यामुळे हे स्टेनलेस गंजतं. उशिरा गंजतं, पण गंजतं. मित्राला तेवढं जरूर सांगा.

प्रश्न : काका, मी एच-१बीवर आहे. मला १९७०च्या दशकातलं एक रिव्हॉल्व्हर संग्रहासाठी घ्यायचं आहे. चालवणार नाही, नुसतं ठेवणार. चालेल ना?
— एक वाचक, डॅलस

नाही. फेडरल कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि 'नुसतं ठेवणं' म्हणजेच बाळगणं. शिकारीचा वैध परवाना असेल तर सवलत आहे, पण त्याच्या आधारानं संग्रह सुरू करायचा विचार इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय मुळीच करू नका. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याचं हत्यार हातात घेणंसुद्धा यात अडकू शकतं. ग्रीन कार्ड झालं की फेडरल कायद्याची ही आडकाठी राहत नाही. तोवर बघा, वाचा, टिपणं काढा. वायोमिंगमधल्या कोडी गावचं फायरआर्म्स म्युझियम बघायला मी तुम्हाला आग्रहानं सांगेन. इथे स्प्रिंगफील्डला आलात तर जुन्या आर्मरीचं संग्रहालय आहेच. ज्यांनी घेण्याआधी चार वर्षं फक्त पाहिलं, त्यांचे संग्रह मला सर्वांत नेटके वाटतात.

प्रश्न : मॉडेल ६० किंवा कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर मला परवडत नाही. स्टेनलेसमध्येच सुरुवात करायची असेल तर काय घ्यावं? आणि संग्राहकाचा वेगळा परवाना असतो म्हणतात, तो काय प्रकार आहे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

माझं मत विचाराल तर रुगरचं सिक्युरिटी-सिक्स. बरेच संग्राहक त्याला दुय्यम मानतात, मला ते पटत नाही.

स्टर्म-रुगर ही १९४९ साली कनेटिकटमधल्या साउथपोर्टला सुरू झालेली कंपनी. त्यांची ही 'सिक्स' घराण्यातली रिव्हॉल्व्हरं १९७२ मध्ये आली, १९७५ पासून स्टेनलेसमध्ये मिळू लागली आणि १९८८ मध्ये थांबली. रुगरचा मार्ग वेगळा होता. त्यांनी फ्रेम घडवून, कापून काढण्याऐवजी ओतली. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचा थर, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती ज्या तत्त्वावर ओततात तेच हे. फ्रेम जवळजवळ तयार मापाचीच बाहेर येते, त्यामुळे त्या चिवट स्टेनलेसवर मशिनिंग कमी करावं लागतं. टूलरूममध्ये हात काळे केलेल्या माणसाला यातली हुशारी लगेच कळते. या रिव्हॉल्व्हरला साइडप्लेटच नाही. फ्रेम दोन्ही अंगांनी अखंड. आणि खोलायला सुरुवात करायची ती खिशातल्या नाण्यानं, मुठीच्या स्क्रूची खाच तेवढी रुंद ठेवली आहे.

यातलं १९७६ मधलं मिळालं तर सोडू नका. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी २०० वर्षं झाली, म्हणून रुगरनं त्या वर्षीच्या हत्यारांवर 'अमेरिकन स्वातंत्र्याच्या २००व्या वर्षी बनवलेलं' अशा अर्थाची ओळ कोरली. काही वर्षांनी कंपनीनं नळीवर 'वापरण्यापूर्वी पुस्तिकेतल्या सूचना वाचा' अशी लांबलचक ताकीद कोरायला सुरुवात केली. ती नसलेली नळी दिसायलाही सुंदर आणि जुनीही.

थोडे पैसे साठले की स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ६६ कडे वळा. १९७०च्या सुरुवातीचं हे स्टेनलेस .३५७ मॅग्नम, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाचं. त्यात नळीला पिन आहे का ते बघाच, शिवाय सिलिंडरच्या मागच्या तोंडाला काडतुसाची कड आत बुडेल अशी खोलगट कातलेली बैठक आहे का तेही बघा. ती मॅग्नमना आणि .२२ ला असायची, .३८ ला नाही. मॉडेल ६० मध्ये ती शोधत बसू नका. ६६-२ पासून, म्हणजे १९८२ पासून, दोन्ही गोष्टी गेल्या. अगदी सुरुवातीच्या ६६ ची रिअर साइटही (नेम धरायची मागची खाच) स्टेनलेसची आहे, नंतर ती काळी झाली. तशी एक आढळली तर मला जरूर कळवा.

परवान्याबद्दल : ५० वर्षांपूर्वी बनलेलं, मूळ स्थितीतलं हत्यार फेडरल नियमानं 'क्युरिओ अँड रेलिक' या वर्गात मोडतं. अशा हत्यारांच्या संग्राहकासाठी परवाना आहे, फी ३० डॉलर, मुदत तीन वर्षं. प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवावी लागते. १९६५ नंतरच्या दशकातली स्टेनलेस रिव्हॉल्व्हरं आता या वर्गात आली आहेत आणि दरवर्षी आणखी येत आहेत. पण या परवान्यानं राज्याचा कायदा रद्द होत नाही. न्यू जर्सीत तर प्रत्येक हँडगनसाठी खरेदीचा वेगळा परमिट काढावा लागतो. आधी तुमच्या पोलीस ठाण्यात जाऊन नीट विचारा, मगच पुढचं.

प्रश्न : 'स्टेनलेस कोल्ट पायथन, १९७०' अशी जाहिरात पाहिली. किंमत अवाच्या सवा. खरं असेल का?
— एक वाचक, शिकागो

स्टेनलेस नसणार. पायथन १९५५ साली आलं ते निळ्या फिनिशमध्ये, पुढे निकेलचा मुलामाही मिळू लागला. स्टेनलेस पायथन १९८०च्या दशकातलं. १९७० चं पांढरं पायथन म्हणजे निकेल. विकणारा लबाडच असेल असं नाही. पुष्कळ लोक पांढरं ते सगळं स्टेनलेस म्हणतात. त्याच कारणानं 'स्टेनलेस डायमंडबॅक' म्हणूनही जाहिराती येतात, आणि कोल्टच्या जुन्या डायमंडबॅकमध्ये स्टेनलेस निघालंच नव्हतं.

दोन्हींतला फरक दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून बघा. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. स्टेनलेस त्यापुढे थंड, करडं वाटतं. नळीच्या तोंडाची कड आणि सिलिंडरच्या पुढच्या कडा भिंगाखाली धरा. मुलामा असेल तर तिथे कुठेतरी तो उडालेला असतो किंवा कडेला पापुद्रा दिसतो. स्टेनलेसला पापुद्रा नसतो, आतपर्यंत एकच धातू. निकेलचंच घेतलंत, तर अमोनिया असलेलं क्लीनर त्याला लावू नका. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर एखाद्या चिरेतून अमोनिया तिथे पोचतो, तांबं खातो आणि वरचं निकेल सुटतं.

निकेलचं जुनं पायथन काही कमी मोलाचं नाही. फक्त जे आहे त्याचे पैसे द्या.

प्रश्न : मी नाशिकला असतो. लेख वाचून खूप इच्छा झाली. भारतात असा संग्रह करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

रिव्हॉल्व्हरांचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली प्रत्येक हत्याराला परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. इथल्या नातेवाइकाकडून 'एक जुनं' पाठवून घ्यायचा विचारही मनात आणू नका. तो सरळ गुन्हा आहे.

पण या संग्रहाची एक बाजू आहे जिला परवाना लागत नाही, आणि मला ती मनापासून प्रिय आहे. ती म्हणजे कागद. जुने कॅटलॉग, किमतीच्या याद्या, वापराच्या पुस्तिका, मासिकांतल्या जाहिराती. स्मिथ अँड वेसनचा १९६०च्या दशकातला कॅटलॉग हातात घ्या. कुठलं मॉडेल कुठल्या वर्षी आलं, किती लांबीच्या नळ्या मिळत, मूठ कशी होती, सगळं त्यात आहे. इथल्या संग्राहकांना हत्यार मिळतं पण त्या वर्षाची पुस्तिका मिळत नाही, आणि तिच्यासाठी ते चांगले पैसे मोजतात. नाशिकला बसून तुम्ही या विषयाचे जाणकार होऊ शकता. लागेल ती मदत करीन.

प्रश्न : एक स्मिथ अँड वेसन ६८६ बघितलं. मॉडेल नंबरशेजारी 'एम' असा ठसा आहे. मित्र म्हणतो तो दोषाचा शिक्का आहे, घेऊ नको.
— एक वाचक, सिएटल

मित्राला अर्धीच गोष्ट माहीत आहे. १९८७ मध्ये कंपनीनं सुरुवातीच्या ५८६ आणि ६८६ परत मागवल्या. काही काडतुसांबरोबर सिलिंडर अडकण्याची तक्रार होती. घोड्याची टोची ज्या छोट्या बुशातून पुढे येते ते बुश कारखान्यानं बदलून दिलं, आणि काम झाल्याची खूण म्हणून 'एम' ठोकला. त्या काळच्या ६८६ वर 'एम' असणं चांगलं. साधं ६८६ किंवा ६८६-१ असेल आणि 'एम' नसेल, तर थांबून चौकशी करा.

प्रश्न : सासऱ्यांचा संग्रह आमच्याकडे आला आहे. सगळी रिव्हॉल्व्हरं त्यांनी चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवली होती, आम्हीही तशीच ठेवली. ह्यूस्टनची हवा दमट. घरात दोन लहान मुलं. काय काळजी घ्यावी?
— एक भगिनी, ह्यूस्टन

ताई, आधी मुलांचं. कुलपाची लोखंडी सेफ घ्या, जमिनीला किंवा भिंतीला बोल्टनं पक्की करून. काडतुसं त्यात ठेवू नका, ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. उंच कपाटावर भरवसा ठेवू नका, मुलं खुर्ची ओढून चढतात. सेफ येईपर्यंत संग्रह ओळखीच्या परवानाधारक डीलरकडे ठेवता येतो का ते विचारा.

मग चामडं. होल्स्टरमधून सगळी आजच बाहेर काढा. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरतात, वर ते हवेतलं पाणी शोषून धरतं. आत ठेवलेल्या स्टेनलेसवर तपकिरी ठिपके उठतात, बहुधा जिथे चामडं घट्ट बसतं तिथे, सिलिंडरच्या कडेला आणि नळीच्या टोकाशी. फोम लावलेल्या पेट्याही दीर्घकाळ ठेवायला वाईट. तेलानं किंचित पुसून, सिलिकॉन लावलेल्या विणलेल्या मोज्यात प्रत्येक वेगळं ठेवा. सेफमध्ये हवा किंचित उबदार ठेवून ओलावा धरू न देणारी छोटी विजेची कांडी बसवून घ्या आणि पाच-सहा डॉलरचा आर्द्रता दाखवणारा काटाही आत ठेवा. तो ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की पुरे. होल्स्टर फेकू मात्र नका. वेगळ्या कापडी पिशवीत घालून, कुठलं कुणाचं याची चिठ्ठी आत टाका. सासऱ्यांच्या हस्ताक्षरातली यादी सापडली तर तिची प्रत काढून मूळ कागद सेफमध्ये ठेवा. ठिपके आधीच उठले असतील तर घासू नका, फोटो काढून मला पाठवा.